वाय-फाय आणि तासाची फेरी

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन आजच करावं लागेल, पण..." आणि नेमकं त्या 'पण'पाशी सूनबाईच्या लॅपटॉपचं वाय-फाय तुटलं.

हॉस्पिटलच्या पलंगावरच्या बाईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. डॉक्टरांचं बोलणं तिला कळायचं ते सूनबाईच्या हातांतून. सूनबाई घरातल्या मागच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसायची. डॉक्टर जे बोलतील ते ती खुणांच्या भाषेत हातांनी सांगायची, आणि बाईच्या खुणा बघून डॉक्टरांना तोंडाने. दोन काठांमधला पूल म्हणजे ही, आणि तो पूल मधोमध तुटला. डॉक्टरांचं पुढचं बोलणं होतं, "पण घाबरायचं कारण नाही, लहानसं आहे, दोन दिवसांत घरी जाल." ते बाईपर्यंत पोचायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात, पडद्यावर थिजलेल्या दोन हातांकडे बघत, तिने आपली पोरं मनातल्या मनात बहिणीच्या पदरात टाकूनसुद्धा दिली होती. हे नंतर तिनेच सांगितलं, हसत हसत. सूनबाईला काही हसू आलं नाही.

पेशंटशी बोलताना असं व्हायची ही दुसरी वेळ होती. संस्थेने सूनबाईला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि तिसरा महिना संपत आला होता. संस्थेच्या मोठ्या बाईंचा निरोप आला: पुढच्या शुक्रवारी मी स्वतः तासभर तुमचं काम बघेन. तुमच्या हातांत खोट नाही, पण आजारी माणसाला अर्धं वाक्य देऊन चालत नाही. लाइन पुन्हा तुटली तर हॉस्पिटलच्या यादीतून तुमचं नाव काढावं लागेल.

सूनबाई ही भाषा पुस्तकातून शिकली नव्हती. तिचा पाठचा भाऊ मुका-बहिरा. लहानपणी घरात त्याचं बोलणं समजणारी ती एकटी होती, आणि दुकानदारापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांना त्याचं म्हणणं तीच सांगायची. जे ती भावाच्या मायेने करत आली तेच काम म्हणून करता येतं, हे तिला तिशी उलटल्यावर कळलं होतं. ते काम हातचं जाणार म्हणजे नुसती नोकरी जाणार नव्हती.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर प्रत्येकाने आपापलं निदान सांगितलं.

"राउटर जुना झालाय," मुलगा, म्हणजे सूनबाईचा नवरा, म्हणाला. तो बस चालवायचा, त्यामुळे कुठलंही यंत्र बिघडलं की ते जुनं झालंय असंच त्याला वाटायचं.

"राउटरचं काही नाही," आई म्हणाली. "तुझ्या बापाने भिंती एवढ्या जाड बांधून घेतल्या आहेत की शेजारची हाक ऐकू येत नाही. वाय-फाय बिचारं कुठून येणार?"

"भिंती मी बांधल्या नाहीत, गवंड्याने बांधल्या," आबा म्हणाले.

"सिमेंट कोणी ओतायला लावलं?"

आबांनी भाकरी मोडली. तसे ते मुळात कमीच बोलायचे. चौतीस वर्षं त्यांनी कापडाच्या कारखान्यात स्विच-खोली सांभाळली होती. साऱ्या कारखान्याची वीज त्या एका खोलीतून जायची. डोळ्यांत तेल घालून डायलचे काटे बघायचे, दर तासाला आकडे वहीत उतरवायचे आणि मग फेरी मारायची. ज्या खात्यात माणूस नाही तिथला दिवा बंद, पंखा बंद. कारखाना सुटला तरी फेरी सुटली नव्हती. घड्याळात तास पडला की आबा उठायचे, घरभर फिरायचे, आणि जिथे माणूस नाही तिथलं बटण खाली करून परत खुर्चीत येऊन बसायचे. "मी जरा वेळ गप्प बसले ना," आई आल्यागेल्याला सांगायची, "तर मलासुद्धा बंद करतील."

शनिवारी वाय-फायच्या कंपनीचा माणूस आला. मिशा मोठ्या, पिशवी त्याहून मोठी. त्याने राउटर बदलला, माळ्यावरून काढून दिवाणखान्यात लावला, आणि जाताना म्हणाला, "आता सिनेमा बघा, थांबणार नाही." सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी लाइन तुटली; पेशंट अजून यायचा होता म्हणून निभावलं. मुलाने फोन लावला, तर तो म्हणाला, "आमच्याकडून सगळं ओके आहे. तुमच्या भिंती जाड आहेत."

"बघा!" आई म्हणाली.

"नाचता येईना अंगण वाकडं," आबा म्हणाले, आणि कपाटातून एक कोरी वही काढली.

त्यांनी पट्टीने चार उभ्या रेघा मारल्या. आबांची रेघ अजूनही सुतासारखी सरळ यायची. पहिल्या रकान्यात वेळ. दुसऱ्यात, लाइन तुटली तेव्हा सूनबाई काय करत होती. तिसऱ्यात, त्याच क्षणी तिच्या मोबाइलवर वाय-फाय होतं की नव्हतं. मग जरा विचार करून चौथ्याच्या डोक्यावर त्यांनी लिहिलं: बॅटरीचा आकडा.

"बॅटरीचं काय काम, आबा? तक्रार वाय-फायची आहे," मुलगा म्हणाला.

"पडद्यावर आकडा दिसतोय ना? मग लिहायचा. कुठला आकडा कामाचा हे आधी कळलं असतं तर वही कशाला लागली असती?"

पेशंटशी बोलणं चालू असताना खोलीत दुसऱ्याने बसायचं नाही हा संस्थेचा नियम. तो सूनबाई मोडणार नव्हती आणि आबा मोडू देणार नव्हते. म्हणून तिने मंगळवारी सुट्टी टाकली आणि भावाला साकडं घातलं. भाऊ बेकरीत पहाटेच्या पाळीला होता, नऊला मोकळा व्हायचा. पलीकडे तो, अलीकडे ही, असे दोघे दिवसभर पडद्यावर गप्पा मारत बसले. भट्टीपासून मालकाच्या टकलापर्यंत त्यांनी काही सोडलं नाही, आणि मागे स्टुलावर आबा वही मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर उतरवून बसले. हात एवढे भरभर बोलू शकतात हे त्यांनी इतक्या जवळून प्रथमच बघितलं.

"काय म्हणतोय?" मधेच त्यांनी विचारलं.

"विचारतोय, तुझे सासरे पोलीस आहेत का?"

दहा वाजले. आबा म्हणाले, "आलोच," आणि उठून गेले. पाच मिनिटांत परत येऊन बसले. दहा वाजून सात मिनिटांनी भावाचा चेहरा पडद्यावर गोठला. आबांनी लिहिलं: दहा सात. हातवारे. मोबाइलवर वाय-फाय आहे. बॅटरी सत्त्याण्णव.

सूनबाईने वाय-फाय बंद करून पुन्हा चालू केलं, पाणी प्यायला बाहेर जाऊन आली, आणि गप्पा पुढे सुरू झाल्या.

अकरा वाजून नऊ मिनिटं. नुसतं बघत होती. मोबाइलवर आहे. शहाण्णव. बारा वाजून सहा. टाइप करत होती. मोबाइलवर आहे. सत्त्याण्णव. दोन वाजून आठ. हातवारे. मोबाइलवर आहे. पंचाण्णव.

अडीच वाजता सूनबाईने भावाला सुट्टी दिली आणि आबा वही घेऊन बाहेर टेबलाशी बसले. चहा निवत चालला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या रकान्याने एक निकाल लगेच दिला. लॅपटॉपचं वाय-फाय तुटलं त्या प्रत्येक वेळी शेजारी पडलेल्या मोबाइलवर ते होतंच. म्हणजे राउटर निर्दोष, कंपनी निर्दोष आणि भिंतीही निर्दोष. दुसरा रकाना म्हणत होता, सूनबाई काहीही करत असो, तुटायचं तेव्हा तुटतंच. राहिला चौथा. शंभर कुठेच नाही. चार्जिंगची वायर लावलेली असेल तर शंभर हवेत. प्रत्येक वेळी तीन ते पाच कमी, म्हणजे प्रत्येक वेळी लॅपटॉप त्या घडीला बॅटरीवर चालत होता. पण वायर तर काढलेली नव्हती!

आबा खोलीत गेले आणि गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले. वायर लॅपटॉपमधून निघाली, टेबलाखाली गेली, कडेकडेने दारापर्यंत आली आणि दाराच्या फटीतून बाहेर पडली. दोन आठवड्यांपूर्वी खोलीतलं सॉकेट सैल झालं, तेव्हापासून सूनबाईने ती बाहेरच्या बोळात नेली होती. बोळात चपलांचं कपाट होतं. वायर त्याच्या मागून वर चढून भिंतीवरच्या बोर्डात घुसली होती. बोर्डावरचं बटण खाली होतं.

आबा बराच वेळ त्या बटणाकडे बघत राहिले.

मग ते टेबलाशी परतले आणि त्यांनी पहिला रकाना वाचला. दहा सात. अकरा नऊ. बारा सहा. दोन आठ. सगळं तास पडल्यानंतर दहा मिनिटांच्या आत. एक वाजता मात्र काही नाही. एक वाजता काय वेगळं होतं? सूनबाई तीच, भाऊ तोच, लॅपटॉप तोच. एक वाजता आबा जेवून खुर्चीत डुलक्या काढत होते.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. बोळात माणूस नाही, कपाटामागे गेलेल्या वायरीला पुढे काय लावलंय ते दिसत नाही, आणि बटण चालू. असं बटण चौतीस वर्षं त्यांच्या हाताने खाली केलं होतं. हात डोक्याला विचारायला थांबतच नव्हता. आणि हे इतके दिवस कोणाच्या ध्यानात का येऊ नये? कारण या घरात बटण बंद दिसलं की कोणी बंद केलं असं विचारायची रीतच उरली नव्हती. सूर्य कोणी मावळवला असं कोणी विचारतं का? सूनबाई पाणी प्यायला बाहेर यायची, बटण खाली दिसलं की जाता जाता वर करायची आणि विसरून जायची.

घरात त्या वेळी कोणी नव्हतं. आई शेजारी गेली होती, सूनबाई बाजारात. आबांच्या मनात आलं, एवढंच तर आहे. उद्यापासून या बटणाला हात लावायचा नाही. लाइन तुटणार नाही, शुक्रवार पार पडेल, आणि हे पान फाडलं तर कोणाला काही कळायचंही नाही. गावभर नाव होतं त्यांचं. स्विच-खोलीत चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकदाही चुकीची लाइन बंद झाली नव्हती. कारखान्यातले लोक हे छाती पुढे काढून सांगायचे, आणि आबा नुसते मिशीतल्या मिशीत हसायचे. आता या वयात, घरच्या घरात, सुनेची लाइन.

त्यांनी पेन उचललं. पाचवी रेघ मारली, रकान्याच्या डोक्यावर 'कारण' असं लिहिलं, आणि चारही ओळींपुढे एकच शब्द उतरवला: मी.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा आबांनी वही उघडून पान वाचून दाखवलं, वेळेपासून कारणापर्यंत, आवाज न चढवता, न उतरवता. चौथा 'मी' वाचून होईपर्यंत मुलगा हसून हसून लाल झाला होता.

"म्हणजे चोर घरातच! आणि आपण त्या मिशीवाल्याला चहा पाजला!"

"मी म्हणत होते ना," आई म्हणाली, "मलासुद्धा बंद करतील एक दिवस."

सूनबाई हसली नाही. तिने घास ताटात खाली ठेवला. "आबा, त्या बाईला वाटलं होतं, आपण मरणार. चार मिनिटं."

मुलाचं हसू तिथल्या तिथे विरलं.

"होय," आबा म्हणाले. "म्हणून तर लिहून ठेवलं, पोरी. माझी चूक. दुसरा शब्द नाही त्याला."

सूनबाईने घास परत उचलला. मग सूनबाई हळूच म्हणाली, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं."

"मला कळलं असतं ना."

"चला, सुटलं एकदाचं," मुलाने ताट पुढे सरकवलं. "त्या बटणावर चिकटपट्टी लावतो. आबांची फेरी बोळातून बाद."

"सुटलं नाही," आबा म्हणाले. "शुक्रवारी बोळातली वायर कोणाच्या पायात अडकून निघाली तर? तेव्हा कोणाच्या पायावर चिकटपट्टी लावशील? माझा मोबाइल दिवसभर बॅटरीवर चालतो, त्याचं वाय-फाय तुटत नाही. मग बॅटरीवर आला की हा लॅपटॉप का हात टेकतो? मी बटण बंद केलं ही माझी चूक. पण बॅटरी भरलेली असताना वाय-फाय सोडायचं, ही त्याची. त्याच्या आतही कोणीतरी फेरी मारत फिरतंय. त्याच्या आत एक मी बसलोय. तो शोधायचा."

सूनबाईने सुट्टी दोन दिवस वाढवून घेतली, आणि बुधवारी ती आणि आबा त्याला शोधायला बसले. लॅपटॉप संस्थेचा होता, म्हणून तिने आधी संस्थेकडून परवानगी घेतली. पलीकडे भाऊ पाव चघळत हजर होताच. वीज वाचवण्याच्या सेटिंगचं पान निघालं. झोपायचं कधी, पडदा काळा कधी करायचा, असं बरंच काही होतं. मग एका ओळीवर सूनबाईचं बोट थांबलं. वाय-फायचं कार्ड किती वीज वाचवेल, त्याची ती ओळ. पुढे दोन रकाने. वायर लावलेली असताना: पूर्ण जोर. बॅटरीवर: जास्तीत जास्त बचत.

"सापडला," आबा म्हणाले. आपलाच जुना सहकारी भेटावा तसा त्यांचा चेहरा झाला. "काटकसर चांगली, पण काम चालू असताना नाही."

मुलगा दुपारच्या पाळीवर निघाला होता. तो दारातून म्हणाला, "इंटरनेटवर सात उपाय दिलेत, आबा. सगळे करून टाका एकदम. हे बदला, ते काढा, हे पुन्हा घाला. वेळ कुठे आहे?"

"सगळं एकदम बदललं तर बरं झाल्यावर आभार कोणाचे मानायचे?" आबा म्हणाले. "आणि उद्या पुन्हा बिघडलं तर सातातला कोण बिघडला, हे कोणाला विचारायचं? एका वेळी एक."

त्यांनी बॅटरीच्या रकान्यात पूर्ण जोर करून घेतला, दुसऱ्या कशाला हात लावू दिला नाही, आणि बोळातलं बटण या वेळी मुद्दाम, सांगून, खाली केलं. बहीणभाऊ बोलत राहिले. दहा मिनिटं गेली, वीस गेली, अर्धा तास गेला. सूनबाईचा चेहरा उजळत चालला. बावन्नाव्या मिनिटाला भाऊ गोठला.

तिने कपाळाला हात लावला. "परत तेच!"

"तेच कसं? आधी दहा मिनिटांच्या आत तुटत होतं, आता बावन्नला तुटलं," आबा लिहिता लिहिता म्हणाले. "म्हणजे आत दोघे होते. एक गेला, दुसऱ्याची फेरी अजून चालू आहे."

दुसरा जास्त खोल बसला होता. तो त्या पानावर नव्हताच. लॅपटॉपला जोडलेल्या सगळ्या भागांची एक लांबलचक यादी असते, त्यात वाय-फायचं कार्ड शोधलं, त्याचं स्वतःचं पान उघडलं, आणि तिथे एका चौकोनात बरोबरची खूण होती. वाक्य असं: वीज वाचवण्यासाठी हा भाग बंद करण्याची कॉम्प्युटरला परवानगी आहे.

"परवानगी कोणी दिली?" आबांनी विचारलं.

"कोणीच नाही. आधीपासूनच आहे."

"तसंच असतं. विचारल्याशिवाय मिळालेली परवानगीच जास्त टिकते. काढ."

तिने चौकोन रिकामा केला. लॅपटॉप पुन्हा भरून घेतला आणि पुन्हा बटण खाली केलं. तास झाला. दोन तास झाले. बॅटरीचा आकडा नव्वदवरून ऐंशीवर, सत्तरवर, पन्नासवर आला. भावाने जांभया दिल्या, पलीकडे उशी आणून तो आडवा झाला आणि झोपलेल्या भावाचं चित्रसुद्धा एकदाही अडकलं नाही. सूनबाईने टाळी वाजवली.

"झालं, आबा!"

"अजून नाही. उद्या सकाळी ती खूण परत घाल."

गुरुवारी सकाळी हे ऐकून मुलाने डोक्याला हात लावला. "आबा, उद्या परीक्षा आहे! बरं झालेल्या माणसाला परत आजारी का पाडता?"

"खूण घातल्यावर लाइन तुटली तर खोट तिथेच होती. नाही तुटली, तर काल आपलं नशीब बरं होतं एवढंच. नशिबाच्या भरवशावर मी कधी लाइन दिली नाही. पेशंटची देणार आहे का?"

सूनबाईने नवऱ्याकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे, आणि खूण परत घातली. एकोणपन्नास मिनिटं झाली आणि लाइन तुटली. आयुष्यात पहिल्यांदा ती लाइन तुटल्यावर हसली. खूण काढली. मग दुपार सरेपर्यंत, वायर नसताना, एकदाही तुटली नाही. वहीचं तिसरं पान भरलं. आबांनी खाली तारीख घातली आणि सही केली. चौतीस वर्षांत पाळी संपवताना करायचे तशी, आडवी, ठसठशीत.

शुक्रवारी अकराला खोलीचं दार बंद झालं. आत सूनबाई, पडद्यावर मोठ्या बाई, आणि एका हॉस्पिटलमधले डॉक्टर आणि पेशंट. बाहेर आबा खुर्चीत, आई भाजी निवडत, आणि मुलगा उगाच बूट पुसत. पाळी दुपारी दोनला होती, तरी.

आतून डॉक्टरांशी बोलणारा सूनबाईचा आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता. ती शांतता आली की तिघांचेही हात थांबायचे. तुटली? की ती हातांनी बोलतेय? बाहेरून कळायला मार्गच नव्हता. पुन्हा तिचा आवाज आला की आई भाजीकडे वळायची. एकदा शांतता इतकी लांबली की मुलगा उठून दाराला कान लावायला निघाला. आबांनी बोटाने त्याला खाली बसवलं. "पेशंट आहे आत," ते म्हणाले.

बारा वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. सूनबाईचे केस कपाळाला चिकटले होते. "आबा," ती म्हणाली, "तुम्हाला बोलावलंय."

"मला?"

"त्यांनी विचारलं, मागच्या दोन वेळांनंतर बदललं काय? मी वहीचं सांगितलं. म्हणाल्या, माणूस दाखवा."

आबांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि आत गेले. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. आबांनी घसा खाकरला आणि कारखान्यातल्या यंत्रांवरून जाईल अशा आवाजात म्हणाले, "नमस्कार!"

"आबा, ओरडू नका," सूनबाई हळूच म्हणाली. "त्यांनाही ऐकू येत नाही."

बाई हसल्या. त्यांचे हात बोलू लागले आणि सूनबाई सांगू लागली. "म्हणतायत, वही दाखवा."

आबांनी वही कॅमेऱ्यासमोर धरली. पान एक, पान दोन, पान तीन. बाई पुढे वाकून वाचत होत्या. पहिल्या पानावरच्या शेवटच्या रकान्यावर त्यांनी बोट रोखलं आणि भुवया उंचावल्या.

"विचारतायत, हे काय आहे?"

"कारण," आबा म्हणाले. "मी बटण बंद करत होतो."

सूनबाईने ते हातांनी सांगितलं. सांगताना तिची मान ताठ होती. बाईंनी क्षणभर आबांकडे बघितलं, मग त्यांचे हात बराच वेळ चालले. सूनबाईचा आवाज मधेच जरा अडला, पण तिने वाक्य अर्धं सोडलं नाही.

"म्हणतायत, आमच्याकडे असेच चाळीस लॅपटॉप दिलेले आहेत. निम्म्यांची हीच तक्रार आहे. प्रत्येकाने राउटर बदलला, एकाने घर बदललं. आत्तापर्यंत कोणी लिहून काढलं नव्हतं. ही तीन पानं आम्हाला पाठवा, जशी आहेत तशी. आणि..." ती थांबली.

"आणि काय?"

"आणि माझं नाव आजपासून यादीत कायम."

आबांना सुनेच्या डोक्यावर हात ठेवावा असं वाटत होतं, पण समोर मोठ्या बाई होत्या. त्यांनी वही मिटली. मग एकदम त्यांचा उजवा हात वर गेला, तळवा समोर, आणि दोनदा हवेत सरळ पुढे ढकलल्यासारखा झाला. यंत्रांच्या गोंगाटात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून कारखान्यात दुरूनच एकमेकांना करायची खूण होती ती. लाइन ठीक आहे, काम चालू द्या. ती कोणाच्या भाषेत बसते की नाही, हे काही त्यांना ठाऊक नव्हतं.

सूनबाई भाषांतर करायला हात उचलत होती. बाईंनी तिला थांबवलं. त्यांनी तीच खूण आबांना परत केली, जशीच्या तशी.

तेवढ्यात लॅपटॉप किणकिणला. पडद्याच्या कोपऱ्यात हॉस्पिटलचं नाव आलं होतं. मोठ्या बाईंनी निरोपाचा हात हलवला आणि त्या गेल्या.

"आबा, बाहेर," सूनबाई म्हणाली. तिने केस मागे सारले आणि पाठ ताठ केली. "पेशंट आहे."

आबा बाहेर आले आणि मागे दार नीट ओढून घेतलं. आई आणि मुलगा दोघेही उभे होते.

"काय म्हणाल्या?" आईने विचारलं.

"हळू," आबा म्हणाले. "ती कामावर आहे."